कुरणशाळेच्या जिल्ह्यात नर्सिंगची तयारी

घर, नोकरी आणि अभ्यास सांभाळून नर्सिंग पास झालेल्या बाईचा सत्कार करायला आपल्याला फार आवडतं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, आणि भाषणात ‘तारेवरची कसरत’ ठरलेली. नवऱ्यालाही व्यासपीठावर बोलावतात, त्याने परवानगी दिली म्हणून. सत्काराला माझी हरकत नाही, बाईने तो कमावलेला असतो. हरकत आहे ती अशा समारंभातून कुणी न बोलताच निघणाऱ्या निष्कर्षाला. हिला जमलं म्हणजे ते जमण्यासारखं होतं, आणि ज्या मधेच गळाल्या त्यांची जिद्द कमी पडली, असं ऐकणारा मनात धरून घरी जातो. जिद्द कमी असलेल्या बायका मी फार पाहिलेल्या नाहीत. कमी पडतात ते तास, पाळणाघर, वेळेवरची गाडी आणि तहसील कचेरीतला एखादा दाखला. नर्सिंगचं शिक्षण आपण अशा मुलीसाठी आखून ठेवलंय जिला संसार नाही, मूल नाही आणि महिन्याच्या पगाराची चिंता नाही. बाकीच्यांनी तोल सांभाळावा, अशी अपेक्षा.

हे बोलायला पालघर तालुक्यातलं माहीम घेऊ. मुंबईचं माहीम वेगळं. हे केळव्याच्या शेजारचं, पालघर स्टेशनहून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवरचं, एके काळी सगळ्या तालुक्यालाच ज्याचं नाव होतं ते. पानवेलीच्या वाड्या, केळी, नारळ, वडराईकडचे ताड, किनाऱ्याला मासेमारी. पण नुसत्या वाडीवर घर चालायचे दिवस गेले. आता घरटी निदान एक माणूस रोज पूर्वेकडे निघतं, पालघरच्या दुकानात, दवाखान्यात, नाहीतर पुढे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. त्यात बायका पुष्कळ. या पट्ट्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, आणि विरारची उपनगरी लोकल डहाणूपर्यंत यायला 2013 उजाडलं. मोठमोठ्या गोष्टी इथे वेळेत येतात. रोजच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टी रेंगाळतात.

आता अशी एक सून धरा. वय एकतीस, बारावी आर्ट्स, तेही लग्नाआधी. दोन मुलं. बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम, कंत्राटदाराकडून. सकाळच्या पाळीसाठी सहाच्या आत घर सोडायचं, म्हणजे त्याआधी दोन डबे, मुलांचा नाश्ता, पाण्याची भरणी. सासू पन्नाशीची, पण ती रिकामी नाही. ती पहाटेच वाडीत पानं खुडायला जाते, ऊन चढायच्या आत पानं रचून, ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवावी लागतात. सासरे अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणाला होते तेव्हा त्यांची नळी, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं हे या सुनेने रुग्णालयातल्या एका सिस्टरकडून शिकून घेतलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात नर्सिंग आहे. ही बाई मी रचलेली आहे. पण माहीम-केळव्यात तुम्ही दहा घरं फिरलात तर तिची एखादी बहीण तुम्हाला भेटेल.

तिच्यापुढे तीन वाटा. एएनएम दोन वर्षांचं, कुठल्याही शाखेच्या बारावीवर. जीएनएम तीन वर्षांचं. तिथे विज्ञानाला झुकतं माप असलं तरी आर्ट्सवालीही चालते, टक्केवारी आणि इंग्रजी मात्र हवं. बीएस्सी चार वर्षांचं, आणि त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, म्हणजे हिला ते दार बंदच. जिच्याकडे विज्ञान आहे तिची तऱ्हा वेगळी. भारतीय परिचर्या परिषदेच्या आखणीनुसार बीएस्सीच्या प्रवेश परीक्षेत पाच विषय, प्रत्येकी वीस गुण: भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंगकडे असलेला कल. बारा-तेरा वर्षांपूर्वी मिटलेलं भौतिकशास्त्राचं पुस्तक तिने पुन्हा उघडायचं आणि अठरा वर्षांच्या, क्लास लावलेल्या पोरींच्या रांगेत बसायचं.

इथे एक भावनिक युक्तिवाद नेहमी येतो, तो मला मुळीच पटत नाही. बाईला सेवा रक्तातच असते, घरच्या आजाऱ्याचं केलं की ती अर्धी नर्स झालीच, असं म्हणतात. अजिबात नाही. औषधाची मात्रा मोजणं, रुग्णाचा श्वास बिघडतोय हे डॉक्टरच्या आधी ओळखणं, रक्त चढवताना कशावर नजर ठेवायची ते जाणणं हे शिकावंच लागतं. ‘रक्तातच असते’ म्हणणारे लोक पुढे नर्सचा पगार ठरवताना तेच वाक्य वापरतात. आमच्या सुनेला सवलतीचे गुण नकोत. तिला शिकायला वेळ हवा आहे.

तो वेळ कुठे आहे तेही आपल्याला माहीत आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 88. फरक 201 मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी कुणी रोज इतका वेळ दिला तर वर्षभरात बऱ्यापैकी मजल मारता येईल. आणि हा नुसता घरकामाचा हिशेब आहे. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं सर्वेक्षणात वेगळं मोजतात. ‘आमच्याकडे हे मदत करतात हो’ असं बायका कौतुकाने सांगतात. मदतीचा अर्थ बहुधा गॅस सिलिंडर लावणं आणि रविवारी मासे आणणं. केळवे-माहीमच्या बाजारात मासे आणणं हे काम नसून करमणूक आहे, हे मासे खाणाऱ्या कुणालाही पटेल.

पण घरातल्या पुरुषाला दोष देऊन लेख संपवणं सोपं आहे. उद्या नवऱ्याने निम्मं काम अंगावर घेतलं तरी आमची सून शिक्षणाच्या दारातच अडकेल, कारण दार अरुंद आहे. ते तसं का झालं हे इतिहासात बघावं लागतं. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंच्या निधीतून प्रशिक्षण शाळा निघाली. शिकाऊ मुली तिथेच राहत, तिथेच जेवत, शिस्तीत झोपत. नर्स म्हणजे दारूडी, बेभरवशाची बाई ही त्या काळची समजूत मोडायला ते वसतिगृह आवश्यक होतं, यात शंका नाही. पण त्या वसतिगृहाबरोबर एकटी, बिनसंसाराची बाई ही कल्पनाही सगळ्या जगभर गेली. आपल्या लष्करी परिचर्या सेवेत तर 1977 च्या एका नियमानुसार लग्न केलेल्या अधिकारी परिचारिकेला सेवेतून मोकळं करत. तो नियम 1995 मध्ये रद्द झाला. त्या नियमाखाली 1988 मध्ये नोकरी गमावलेल्या सेलिना जॉन यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षं लागली. नियम जातात, पण त्यांनी पाडलेले साचे कितीतरी दिवस तसेच राहतात.

आपल्याकडे याला फाटा देणारी माणसंही झाली. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, प्रौढ बायकांसाठी वर्ग चालवले आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी धाडलं. पांढरपेशा घरांत हे काम हलकं मानलं जायचं, त्यामुळे रमाबाईंना घराघरातून विरोध झाला. तरी त्या काळातला त्यांचा विचार आजच्या पुष्कळ संस्थांपेक्षा पुढे होता. शिकणारी बाई कोण आहे, ती कुठून येते, हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग वर्ग बांधले.

आजचे नियम बघा. एएनएम आणि जीएनएमला नव्याने येणाऱ्या उमेदवाराला वयाची कमाल मर्यादा पस्तीस. आमची सून एकतिसाव्या वर्षी ठरवते, धाकटी शाळेत रुळेपर्यंत चार वर्षं थांबते, एकदा नंबर हुकतो, आणि संपलं. आता याच्या शेजारी सरकारचीच दुसरी योजना ठेवा. 2005 मध्ये आशा स्वयंसेविकांची योजना आली तेव्हा निवडीचा निकष काय होता? पंचवीस ते पंचेचाळीस वयाची, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, त्याच गावातली बाई. कारण सरळ आहे. लग्नाची मुलगी उद्या गाव सोडून जाईल, सून राहील. म्हणजे मानधनावर राबायला सरकारला संसारी, गावाला बांधलेली, चाळिशीची बाई चालते. तिला नोंदणीकृत परिचारिका व्हायचं असेल तर मात्र ती तरुण हवी आणि गावाबाहेर राहायला मोकळी हवी. मला यात कुणाचा दुष्टावा दिसत नाही. दोन खात्यांनी एकाच बाईचा विचार कधी एकत्र बसून केला नाही, एवढंच.

मग ती बाई कुठे जाते? स्टेशनबाहेर जाते. जिन्याखाली, रिक्षाच्या पाठीवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेले कागद कुणीही वाचावेत: ‘सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी’. वर्ग संध्याकाळी, रविवारी, फी हप्त्याने, वयाची अट नाही. शिकवणं कधी बरं असतं, कधी थातुरमातुर. पण अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ती कायद्याने परिचारिका नाही. खाजगी रुग्णालयात तिला पांढरा डगला मिळतो, पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणतात, पगार मात्र मदतनिसाचा. या वर्गांवर बंदी घाला म्हणणारे खूप आहेत. त्याआधी मी त्यांना विचारेन की हे वर्ग का भरतात? कारण साधं आहे. त्या चालकाला बाईची पाळी कधी सुटते, मुलं कधी झोपतात, हप्ता किती झेपतो हे कळलंय. मान्यताप्राप्त शाळेला ते कळलेलं नाही. फसवणूक करणाऱ्याने गिऱ्हाईक नीट ओळखावं आणि प्रामाणिक संस्थेने ओळखू नये, हे काही भूषणावह नाही.

आणि हे सगळं कुठे चाललंय? ज्या जिल्ह्यात हा प्रश्न एकदा सुटला होता तिथे! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि 1957 मध्ये त्यांचं बालशिक्षणाचं काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. ताराबाईंनी पालकांना उपदेश केला नाही. शाळाच कुरणात नेली. शिक्षक गुरांमागे जायचे, सामान पिशवीत. ती कुरणशाळा. मुली येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मुलीने भावंड पाळण्यात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. ती विकासवाडी. यात शिकवणुकीचा दर्जा खाली आणला नव्हता. जागा आणि वेळ हलवली होती. अनुताईंना तर हे स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं. बालविधवा, पुण्यात हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या, आणि पदवी पन्नाशी ओलांडल्यावर घेतलेल्या. आज जिल्ह्यात कुणी अनुताईंच्या तेव्हाच्या वयाची बाई नर्सिंगचा अर्ज घेऊन गेली तर खिडकीवरचा माणूस तिची जन्मतारीख बघून अर्ज परत करेल.

इथे नर्सिंगच्या शिक्षिका मला अडवतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. गुरं राखणाऱ्या पोराला अक्षर ओळखायला शिकवणं वेगळं आणि अतिदक्षता विभागात काम करायला शिकवणं वेगळं. वॉर्डातले तास कमी केले तर उद्या त्याची किंमत रुग्ण मोजेल. मान्य, पूर्ण मान्य. तास एकानेही कमी करू नका. पण नियम जरा बारकाईने वाचा. बीएस्सीच्या नियमांत परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी हवी, आणि वॉर्डातल्या कामाची 100 टक्के हजेरी पदवी मिळण्याआधी पुरी व्हायला हवी. पदवी मिळण्याआधी, म्हणजे त्याच आठवड्यात नव्हे. मुलाला ताप आला म्हणून बुडालेल्या चार पाळ्या पुढच्या सुट्टीत भरून काढायला नियमात जागा आहे. ती जागा वापरायची की बाईला ‘तुला झेपत नसेल तर’ असं सुनवायचं, हे संस्था ठरवते. ब्रिटनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणाला एकूण 4,600 तास लागतात, त्यातले निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेत. तरी तिथे तेच तास जास्त वर्षांत पसरून अर्धवेळ शिकता येतं. तास तेवढेच, कॅलेंडर लांब. तिथल्या परिचारिका आपल्यापेक्षा कच्च्या निघतात असं काही दिसत नाही. उलट आपल्याकडच्या मुली तिकडे नोकरीला जायला धडपडतात.

पैशाचा भाग राहिला. राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. पण आमच्या सुनेच्या घरात खरा खड्डा पडतो तो फीने नव्हे, बुडालेल्या पगाराने. कारखान्याचं काम सोडल्याशिवाय दिवसाचं नर्सिंग करता येत नाही, आणि ते सोडलं की मुलांच्या वह्या, लाइटचं बिल, हप्ता. इंग्लंडात 2020 पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्याला वर्षाला निदान 5,000 पौंड मिळतात, परत न करायचे, आणि मूल असेल तर वर 2,000 पौंड. आपल्याला ते परवडणार नाही, असं कुणी म्हणेल. बरं, पाळणाघर तरी परवडेल? 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त (1976 पासून तीसपेक्षा जास्त) बायका असलेल्या कारखान्याला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. बोईसरच्या किती कारखान्यांनी ते मनापासून चालवलं हा भाग अलाहिदा, पण हक्क कागदावर तरी आला. नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डात पाळी करते, रात्रपाळीही करते, रुग्णालयाचं बरंच काम तिच्या हातून होतं. पण ती कामगार नाही, विद्यार्थिनी आहे, म्हणून पाळणाघर नाही. काम सांगताना ती कामगार आणि हक्क मागताना विद्यार्थिनी.

मुंबईला जा, हा सल्ला मी मुद्दामच शेवटाकडे ठेवला. केईएम, नायर, सायन इथे शिकायला मिळालं तर सोनंच. पण सकाळची पाळी गाठायची तर पालघरहून पहाटे पाचच्या आसपास गाडीत बसायला हवं, आणि माहीमहून त्या वेळी रिक्षा मिळवणं हा प्रवेश परीक्षेतला सहावा विषय. वसतिगृहात राहायचं तर मुलांचं काय? कुणाला तरी हे प्रश्न किरकोळ वाटतील. मोठ्या धोरणांची मोडतोड बहुतेक अशा किरकोळ जागीच होते.

आणि दाखले. याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. लग्नानंतर बाईचं नाव बदललं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या. दोन्ही एकच बाई हे सिद्ध करायला विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने मिळतो, म्हणजे माहेर विक्रमगडला असेल तर तिकडच्या चकरा. नॉन-क्रीमीलेअरसाठी उत्पन्न नवऱ्याचं बघत नाहीत, आईवडिलांचं बघतात. एकतिसाव्या वर्षी, दोन लेकरांच्या आईने बापाच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा. हे सगळं करायचं ऐन पावसाळ्यात, जेव्हा माहेरी आवणी चालू असते आणि भाऊ म्हणतो, ‘ताई, या आठवड्यात नको, पुढच्या बघू.’ पुढच्या आठवड्यात सर्व्हर बंद. प्रत्येक चकरेला कंत्राटदाराकडची एक हजेरी बुडते, तीन-चार बुडाल्या की तो दुसरी बाई ठेवतो. आमच्या सुनेचा नर्सिंगचा विचार बहुधा या टप्प्यावर मागे पडतो. परीक्षेत नापास होऊन नव्हे, परीक्षेपर्यंत न पोचून.

यातलं काही फार मोठं नाही. मे-जूनमध्ये महिन्यातले दोन रविवार पालघर आणि बोईसरला दाखल्यांची खिडकी उघडी ठेवायची, माहेरच्या तालुक्यातली कागदपत्रं इथूनच मागवायची, आणि नावबदलाच्या पुराव्यासाठी एकच कागद पुरेसा आहे असं लेखी काढायचं. तालुक्यातल्या एखाद्या शाळेत संध्याकाळी साडेसात ते नऊ एएनएम, जीएनएमच्या तयारीचा आणि इंग्रजीचा वर्ग, शेजारच्या खोलीत मुलांना बसायला जागा आणि बघायला एक बाई. पस्तिशीची अट आशा आणि अंगणवाडीतल्या बायकांसाठी शिथिल करायला परिचर्या परिषदेकडे जावं लागेल, ते जरा लांबचं काम. रविवारची खिडकी मात्र जिल्हाधिकारी कचेरीतून एका परिपत्रकाने सुरू होऊ शकते, आणि पुढच्या प्रवेशाच्या आत.